पाऊलमान

“हिका समुद्राच्या तळाचा ऐकाक येता, पण घरातल्या कुकरची शिटी ऐकाक येणा नाय. बघ गे मने, असली आसता सरकारी नोकरी.”

आई हे मनीला, म्हणजे मांजरीला सांगत होती. मी हातभर अंतरावर बसून चहा पीत होते. माझ्याबद्दल काही बोलायचं असलं की आई मनीशी बोलते. मनी ऐकून घेते आणि उलट उत्तर देत नाही, हा मनीचा गुण मला वरचेवर ऐकवला जातो.

मी उठून कुकर बंद केला. खरं तर आईचंही लक्ष कुकरात नव्हतं. आज कुंदाची बोट सुटायची होती.

कुंदा माझी धाकटी बहीण, तेरवानला दिलेली. तेरवान हे आमच्या समोरच्या समुद्रातलं बेट, वेंगुर्ल्याहून दोन दिवसांच्या बोटीवर. आमच्या खापरपणज्यांच्या काळात इकडची कितीतरी माणसं तिथल्या काथ्याच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेली आणि तिथलीच झाली. अजून आमच्याच बोलीत बोलतात, गणपती आणतात, आणि आमचे नारळ तुमच्यापेक्षा मोठे असं उगाच सांगतात. कुंदाचं लग्न झालं तेव्हा तेरवानला जाणं म्हणजे कुडाळला जाण्यासारखं होतं. पुढे महापालकांना माणसांची ये-जा आवडेनाशी झाली.

महापालक म्हणजे तिथले राज्यकर्ते. चाळीस वर्षं तेच. तिथे शाळेची घंटासुद्धा ‘महापालकांच्या आज्ञेने’ असं म्हणून वाजवतात. घरात फोन ठेवायला बंदी. फोन चौकात, बाजारात, धक्क्यावर. तोही कानाला लावायचा नाही, त्याला कर्णा असतो. तुम्ही काय बोलता आणि पलीकडचा काय बोलतो ते सगळ्या चौकाला ऐकू जातं. ज्याच्याकडे लपवण्यासारखं नाही त्याला कर्ण्याची भीती कसली, असं महापालकांचं म्हणणं. एवढं करून लाइनीवर एक सरकारी ऐकणारा बसवलेला असतो तो वेगळाच. त्यामुळे महिन्यातून एकदा कुंदाचा फोन येतो तो असा: “आये, सगळा छान आसा.” “आमचाय छान आसा गे बाय.” की संपलं.

फक्त आई त्या ऐकणाऱ्याशीही बोलते. तो कधी बोलत नाही, पण खोकतो. “काय रे ऐकणाऱ्या, जेवलंस?” असं आई दर वेळी विचारते आणि खोकल्यावर औषध सांगते. मी तिला दर वेळी चिमटा काढते.

महापालकांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त या वर्षी नातेवाइकांना भेटायला नेणारी एक भेट-बोट सोडायची घोषणा झाली होती, नऊ वर्षांनी पहिली. त्यात कुंदाचा नंबर लागला. त्यानंतर महापालक कुणाला दिसलेच नाहीत. वाढदिवसाच्या सोहळ्यात त्यांची खुर्ची होती, खुर्चीवर टोपी होती. पण याबद्दल तिकडे कुणी बोलत नव्हतं, आणि आम्हीही ‘तिकडची परिस्थिती’ एवढंच म्हणत होतो.

*

आता माझ्या नोकरीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वेंगुर्ल्याला समुद्राखालून येणाऱ्या केबली जमिनीवर चढतात. तुमचे फोन, तुमचे सिनेमे, सगळं त्यातून जातं. केबलीच्या पोटात केसाएवढ्या काचेच्या तारा असतात आणि त्यातून प्रकाश धावतो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक बारीक दोष राहतात. त्या दोषांवर आपटून प्रकाशाचा किंचित अंश मागे फिरतो. वरून कुणी चाललं, जहाज गेलं, देवमाशाने साद घातली की तार कणभर ताणली जाते, आणि मागे फिरणारा तो प्रकाश जरासा बदलून येतो. तो बदल मोजला की कुठे, काय, किती जोराने हललं ते कळतं. म्हणजे केबलीची प्रत्येक दहा हात लांबी हा एक कान झाला. काच निर्दोष असती तर केबल बहिरी राहिली असती. पूर्वी हे कान शे-सव्वाशे किलोमीटरपर्यंतच चालत; मग वाटेत ठिकठिकाणी या परतीच्या प्रकाशाला जोर देणारी यंत्रं बसवली, आणि आमचा कान थेट तेरवानच्या राजधानीपर्यंत पोचला.

तिथे तर गंमतच होती. महापालकांनी हट्टाने केबल कवायतीच्या मैदानाखालून नेली होती. का, तर तिथे पहारा सगळ्यांत कडक! त्यामुळे रोज उजाडताना तिथली पलटण संचलन करते ते आम्हाला वेंगुर्ल्यात स्वच्छ ऐकू येई.

त्यातून पाऊलमान निघालं. पावलं एका ठेक्यात, तर पाऊलमान हिरवं. ठेका वाढला, रणगाडे हलले, तर पिवळं. फाटाफूट झाली, तर लाल. सुरुवातीला फक्त जहाजांचे विमेवाले विचारत. मग आसपासचे दहा देश विचारायला लागले, कारण तेरवानच्या अंगणातूनच सगळ्यांच्या बोटी जातात. हवामानासारखं पाऊलमान रोज सकाळी बातम्यांत सांगू लागले. लाल झालं की समुद्र बंद, बंदरं बंद, मच्छीमार घरी.

खरं सांगायचं तर आम्हाला त्या पावलांची सवय झाली होती. ती एका ठेक्यात पडत होती तोवर आमचे बांगडे स्वस्त होते. आपली बहीण त्या ठेक्याखाली राहते, हे मी ड्युटीवर असताना जरा बाजूला ठेवत असे. ठेवावंच लागे.

*

त्या दिवशी स्टेशनात शिरले तर आमच्या प्रमुख, डॉक्टर कार्मेलिन लोबो, चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसलेल्या. मी बारावी नापास होऊन इथे रोजंदारीवर लागले, आणि उरलेलं शिक्षण लोबोबाईंच्या ओरडण्यातून पुरं केलं. त्यामुळे त्या गप्प असल्या की मला धडकी भरते.

“बघ,” त्या म्हणाल्या.

पडद्यावर रोज तेरवानची पावलं नीट विंचरलेल्या केसांसारखी दिसत. आज कुणीतरी त्या केसांत दोन्ही हात घालून ते विस्कटले होते. खाली पावलं ओळखणाऱ्या यंत्राने लाल अक्षरांत लिहिलं होतं: जड पावलांची विसंगत हालचाल. संभव: सैन्यात बंड.

मागे नौदलाचे लेफ्टनंट काळमेघ उभे होते. मूळचे यवतमाळचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा. “मॅडम, दहा वाजता मला मुंबईला रंग कळवायचा आहे,” ते म्हणाले. “लाल म्हटलं तर समुद्र बंद. भेट-बोटीला इकडचं कुठलंच बंदर घेणार नाही.”

“आणि हिरवा म्हटला, आणि खरंच बंड असलं, तर ती माणसं बोटीत बसून तोफांच्या मधून येतील,” लोबोबाई म्हणाल्या.

दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं. कुंदाचं दोघांना माहीत होतं.

मी हेडफोन लावला. मैदानाची धडधड कानात आली. आधी संथ, धप् धप् धप्. मग जलद. मग आणखी जलद, श्वास लागल्यासारखी. मग एक जोरदार टाच. मग शांत. मग काहीतरी बदकन पडल्यासारखं. मग दुसरीकडे तेच, वेगळ्या ठेक्यात. तिसरीकडे तेच.

“शालन,” लोबोबाई म्हणाल्या, “तुझे हात काय करतायत?”

मी खाली बघितलं. माझे हात टेबलावर आपोआप एकमेकांवर आडवे झाले होते, तळवे उघडे, कुणीतरी धरावेत म्हणून.

“बाई, ही फुगडी आहे.”

“तुझी बहीण बोटीत बसायची आहे, म्हणून फुगडी?”

“त्याचीच भीती वाटते. मला हवंय म्हणून तर ऐकू येत नाही ना.”

“मग तुझ्या कानावर विसंबायचं नाही. माझ्याही नाही, मला पण त्या लाल रंगाचा कंटाळा आलाय. यंत्राला फुगडी दाखवू, ते काय म्हणतं बघू.”

आणि इथे आमचीच फजिती झाली. यंत्राला फुगडी माहीतच नव्हती. स्टेशन सुरू झालं त्या वर्षी गौरीच्या दिवसांत सगळी वाडी किनाऱ्यावर नाचली आणि यंत्राने एवढ्या घंटा वाजवल्या की नौदलाची गाडी आली. त्यानंतर आमची बैठक झाली आणि एकमताने ठरलं की सणाचे दिवस म्हणजे नुसता गोंगाट, तेवढे दिवस यंत्राचं शिक्षण बंद ठेवायचं. तेव्हापासून दर भाद्रपदात आम्ही यंत्राला झोपवतो आणि स्वतः नाचायला जातो. त्याला आम्ही कवायत शिकवली, दंगल शिकवली, भूकंप शिकवला, तोफा शिकवल्या. माणसं खूश झाली की जमिनीवर काय करतात, तेवढं शिकवायचं राहून गेलं.

“मग आता शिकवू,” लोबोबाई म्हणाल्या आणि चपला काढल्या.

*

मी आईला फोन केला. “आये, चार बायका घेऊन सागरेश्वरच्या वेळेर ये. फुगडी घालूची आसा.”

“आत्ता? कसली?”

“सरकारी.”

एवढं पुरे झालं. किनाऱ्यावर रिक्षा भरभरून बायका आल्या. मासळीबाजारातल्या आल्या त्या हातातला कोयता कुणाकडे तरी देऊन आल्या. आई प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि केबल वाळूत जिथे शिरते तिथे, बरोब्बर केबलीच्या डोक्यावर, खुर्ची टाकून बसली. तिला उठवायलाच वेळ गेला.

मग सुरू झालं. हात धरले, अंग मागे टाकलं, पावलं जोडली, आणि तोंडाने ‘फू फू’ असा पकवा घालत बायका गरगरू लागल्या. आमच्या वाडीची एक खोड आहे. फुगडी सोडताना दोघी एकदम टाच आपटतात. का ते कुणाला माहीत नाही. दुसऱ्या गावच्या बायका हसतात. काशीबाय पागी आणि तिची सून यांची जोडी सुटली ती सरळ लाटेत. लोबोबाई माझ्याबरोबर फिरत होत्या आणि चष्मा सांभाळत ओरडत होत्या, “शालन, वेग नोंद होतोय ना? हळू नको, हळू नको!”

काळमेघ लॅपटॉप घेऊन वाळूत बसले होते. त्यांनी एकदम हात वर केला.

“मॅडम! लाल झालं!”

आम्ही धापा टाकत पडद्यावर वाकलो. यंत्राने लिहिलं होतं: स्थान वेंगुर्ला. विसंगत हालचाल. संभव: बंड.

“अरे, आमीच काय ते?” काशीबाय ओल्या लुगड्यानिशी म्हणाली आणि तिला जे हसू फुटलं ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं.

लोबोबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन आलेख शेजारी ठेवले, आमचा आणि तेरवानचा. चढत जाणारा वेग तोच. शेवटची टाच तीच. पण तेरवानच्या रेघा जाड होत्या.

“हे बायकांचं वजन नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर यंत्राने ‘जड पावलं’ म्हटलं. हे बूट आहेत.”

सगळ्यांचे डोळे काळमेघांच्या पायांकडे गेले. नौदलाचे काळे, चकचकीत, जाड तळव्यांचे बूट.

“काहून मजाक करता मॅडम,” काळमेघ मागे सरकत म्हणाले. “आमच्याकडे हे पोरी खेळतात.”

“मुंबईला दहा वाजता काय सांगणार आहात?”

काळमेघांनी घड्याळ बघितलं, टोपी काढून आईच्या हातात दिली, आणि काशीबायने त्यांचे हात धरले. पहिल्या चार गिरक्यांत ते कवायतीसारखे ताठ होते. “मागे पड रे पोरा, अंग सोड!” आई ओरडली. पाचव्या गिरकीला त्यांनी अंग सोडलं. मग जे काही झालं ते नौदलाच्या कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं. टाच आपटली, हात सुटले, आणि लेफ्टनंट काळमेघ वाळूत उताणे पडून आभाळाकडे बघत लहान मुलासारखे हसू लागले.

तेवढा आलेख तेरवानच्या आलेखावर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

“पण मॅडम,” ते पडल्या पडल्याच म्हणाले, कारण माणूस हुशार आहे, “वाढदिवसाला महापालक शाळेच्या पोरांना नाचवतात. तशी हुकमाची फुगडी नसेल कशावरून?”

लोबोबाईंनी वाढदिवसाचा आलेख काढला. हजारो पायांचा नाच, पण विंचरलेला. एकही रेघ वाकडी नाही. मग आजचा दाखवला. जागोजागी ठेका सुटलेला, आणि जागोजागी तो बदकन आवाज.

“आज लोक पडतायत,” लोबोबाई म्हणाल्या. “हुकमाने नाचणारा पडत नाही. त्याची हिंमतच नसते.”

काळमेघ वाळू झटकत उठले. तेरवानचे शिपाई बूट घालून कवायतीच्या मैदानावर आमच्या वाडीची फुगडी घालत होते. कुणाबरोबर? कुणी शिकवली? आणि असं करायला ते आता घाबरत का नव्हते?

“म्हणजे तिकडची परिस्थिती...” काळमेघ म्हणाले.

“हो. तिकडची परिस्थिती,” लोबोबाई म्हणाल्या.

त्यापुढचं वाक्य प्रत्येकाच्या जिभेवर होतं आणि प्रत्येकाने गिळलं. कारण त्या वाक्याच्या पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. दहा देशांनी वर्षानुवर्षं एका माणसाच्या पलटणीच्या पावलांवर आपापली घड्याळं लावली होती. उद्या त्या मैदानावर कोण उभं राहील, चांगला की आणखी वाईट, आज नाचणारे उद्या एकमेकांवर उठतील का, बोटी कुणाला विचारून जातील? फुगडीने एवढंच कळत होतं की आज सकाळी तिथे कुणी कुणावर बंदूक रोखलेली नाही. बंदूक धरून फुगडी घालता येत नाही, दोन्ही हात लागतात.

लोबोबाईंनी सही केली. हिरवा. काळमेघांनी मुंबईला कळवलं, ‘तिकडची परिस्थिती आनंददायक’ असा शेरा मारून.

*

स्टेशनात परतलो तेव्हा फोन वाजत होता. कुंदा घरी लावून थकली होती, शेवटी तिने इथे लावला होता. मी स्पीकर चालू केला. आई, लोबोबाई, काळमेघ, ओल्या लुगड्यातली काशीबाय, सगळे भोवती गोळा झाले.

“आये, सगळा छान आसा,” कुंदा म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता, रात्रभर ओरडल्यासारखा.

“छान आसा तर बोट खंय आसा?”

मध्ये नेहमीची शांतता. ऐकणाऱ्याला वाक्य पचवायला लागते तेवढी.

“हयच आसा. धक्क्यार. आमी चढलों पण. पोरा चढली, सामान चढला. कप्तान पण चढलो.”

“मगे?”

“आज्ञा येवक नाय.”

मी लोबोबाईंकडे बघितलं. तेरवानची कुठलीही बोट ‘महापालकांच्या आज्ञेने’ हे शब्द कागदावर आल्याशिवाय सुटत नाही. आमचा हिरवा रंग तिकडे पोचला होता. आज्ञा मात्र पोचली नव्हती.

“कोण धाडतलो आज्ञा?” आईने विचारलं.

“ते. तेच.”

“कधी?”

“येतली म्हणतत सगळे. कप्तान म्हणता येतली, अधिकारी म्हणतत येतली. शिपाय पण म्हणतत. आमी वाट बघतों.”

धक्क्यावरच्या कर्ण्यातून आमचा आवाज तिथल्या सगळ्यांना ऐकू जात असणार, हे आमच्या लक्षात होतं. मैदानाकडे जाणारी केबल धक्क्याखालूनच जात होती, तो भाग आता पडद्यावर होता. तिथे हजारो पावलं उभी होती आणि एकही हलत नव्हतं. पहाटे बेभान नाचलेली माणसं आता ऊन चढल्यावर कागदाच्या एका ओळीसाठी ताटकळत होती. नाचायला तोंड उघडावं लागत नाही. बोट सोडायला मात्र कुणीतरी तोंड उघडायला हवं होतं, आणि चाळीस वर्षांत ती सवयच उरली नव्हती. उशीर झाला तर आजचा हिरवा रंग संपणार होता. उद्याचं कोण सांगणार?

“कुंदा,” आई म्हणाली, “सकाळी नाचा होता ता कोण?”

मी चिमटा काढला. आईने माझा हात झटकला.

कर्ण्यापाशी कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणीतरी.

“आमी नाय बा,” कुंदा म्हणाली, आणि तीही हसली. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा माझ्या बहिणीचं हसू ऐकलं. तेवढ्यात ते थांबलं. “आये, ठेवतंय. वाट बघतों आमी.”

“थांब,” आई म्हणाली. “माका दुसऱ्यावांगडा बोलाचा आसा. काय रे ऐकणाऱ्या, आसंस मा थंय?”

लाइनीवर खोकला आला.

“खोकलो अजून आसाच तुझो. अडुळसो घेतलंस?”

आई थांबली. मग ती मनीशी बोलते तशी, कुणा दुसऱ्याला ऐकवावं तशी, पण अगदी मऊ आवाजात म्हणाली, “नऊ वर्षां ऐकतंस तू. माझ्या चेडवाचा, कुंदाचा ऐकलंस, माझा ऐकलंस. सगळ्यांचा सगळा तुका ठावक. मगे तूच सांग मरे, बाबा. माझा चेडू कोणाची वाट बघता?”

काळमेघांनी टोपी छातीशी धरली होती. लोबोबाईंचा चष्मा हातात होता. पडद्यावर धक्का स्तब्ध होता. मी एवढी वर्षं त्या बेटाचे पाय ऐकत आले. त्या क्षणी मला तिथला श्वास ऐकू आल्यासारखं वाटलं.

खोकला पुन्हा आला. मग घसा साफ केल्याचा आवाज. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच एक बाप्याचा, दमलेला, आमच्याच बोलीतला आवाज आमच्या खोलीत आणि तिकडे साऱ्या धक्क्यावर घुमला.

“घेतलंय गे आजी. बरो पडता अडुळसो.” तो जरा थांबला. “वाट बघू नकात. आज्ञा आता येवची नाय. म्हातारो मेलो.”